कागदावरचा मुरूम

लग्न झालं त्याच वर्षी यांनी मला गाडीत डाव्या बाजूला बसवलं आणि हातात कागद दिला. यांचं स्वारगेटजवळ टायरचं दुकान होतं आणि वर्षातून एखाद-दोनदा हे मोटारींच्या रॅलीत उतरत. शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला खणखणीत आवाज लागतो. मी शाळेत मुलींना भूगोल शिकवत होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माहेरी कुणाला ते पटलं नाही. सासरी कुणाला विचारलंच नव्हतं.

रॅलीआधी रस्ता एकदा सावकाश पाहून घ्यायची पद्धत असते. तेव्हा हे मध्येच गाडी थांबवत, चपला काढत आणि वळणावरून अनवाणी चालून येत. परत आले की मला सांगत, "डावं, मोठं, मुरूम." मी लिहून घेई. मुरमावर गाडी वळणाच्या आधीच आडवी टाकावी लागते, कारण तिथे ती घसरत घसरतच वळते. तेच डांबरावर केलं तर टायर रस्ता पकडतात आणि गाडी भलतीकडे आत घुसते. सुट्या खडीवर ब्रेकला पायसुद्धा लावायचा नाही. सगळ्यात वाईट रस्ता कुठला, असं कुणी विचारलं की हे म्हणत, "मार्केट यार्डाच्या दारातला. कोबीचा ओला पाला." लोक हसत. हे हसत नसत.

एरवी मी यांना 'अहो' म्हणते, पण रॅलीत तेवढाही वेळ नसे. मी वाचायचं आणि ऐकू आलं की यांनी 'हं' म्हणायचं. 'हं' आलं नाही तर मी पुन्हा ओरडायचं. माझी नजर कागदावर आणि यांची रस्त्यावर. कागद आणि रस्ता जुळला नाही तर रस्ता खरा धरायचा, हे यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. डांबर असताना मी मुरूम वाचला तर हे नुसतं "डांबर" म्हणत आणि डांबरावर चालवावी तशी गाडी चालवत. मग घरी जेवताना ऐकवत, "बाई, शाळेत नद्यासुद्धा अशाच उलट्या वाहवता का?"

पुढे एका वर्षी यांनी नवीनच टुमणं लावलं. आधी जमीन सांगायची, मग वळण. तेही प्रत्येक वळणाला, न चुकता. मला वाटलं, माझी किंमत वाढली. मी मनातून खूश होते.

त्या वर्षीची रॅली कात्रजच्या पलीकडे, डोंगरातल्या रस्त्यांवर होती. आम्ही पाहून आलो तेव्हा एका उतारावर निव्वळ मुरूम होता. मग कुणी पुढारी येणार असं ठरलं आणि मधल्या दिवसांत त्यावर डांबर पडलं. आपल्याकडे डांबर असंच पडतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. त्या उतारावर मी कागदात बघून ओरडले, "मुरूम! डावं, मोठं!"

"हं," हे म्हणाले आणि यांनी गाडी आडवी टाकली.

टायर किंचाळले. मुरमावर टायर कधी किंचाळत नाहीत. मी मान वर केली तर समोर काळाकुळकुळीत रस्ता होता आणि डोंगराकडचा दगडी बांध माझ्या दारावर आला होता.

माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. यांना खरचटलंही नाही. धूळ बसल्यावर मी म्हणाले, "अहो, समोर डांबर होतं."

"हो का?" यांनी विचारलं.

ते खोचून नव्हतं, खरंच विचारलं होतं. त्या दोन शब्दांनी मला सगळं कळलं.

काचबिंदू होता. डोळ्यांत घालायचे थेंब हे दुकानात ठेवत, घरी आणत नसत. वळण दिसे, कठडा दिसे, पण मुरूम, डांबर, झाडाची सावली, सगळं यांना एकाच राखेच्या रंगाचं दिसत होतं. मला दया वगैरे आली नाही. भयंकर राग आला. हाड जुळेपर्यंत मी यांच्याशी कामापुरतं बोलले. विषय यांनीच काढला.

"पुढच्या वेळी तू रस्त्याकडेही बघत वाच. एकदाच जाऊ, मग सोडतो."

"मी वाचणार नाही."

"दुसरा कुणीतरी वाचेल."

"वाचू दे की. पण त्याला आधी डोळ्यांचं सांगा."

यांच्याच्याने ते सांगवलं नाही. आणि न सांगता दुसऱ्याला शेजारी बसवणंही यांना जमलं नाही. माझ्या बाबतीत मात्र जमलं होतं. ते मला फार वर्षं बोचत राहिलं.

रॅलीची गाडी विकली. मी चालवायला शिकले आणि हे डावीकडे बसू लागले. नजर हळूहळू पूर्ण गेली. गाडीत बसलं की हे गप्प. मी गिअर करकरवला तरी एक टोमणा नाही. टोमणे मारणारा माणूस गप्प झालेला बघणं फार वाईट असतं. राग केव्हाच ओसरला होता. एवढंच वाटे की या माणसाचा रस्ताच गेला, आणि तो माझ्या 'नाही'ने गेला.

परवा एका लग्नाला जाताना कात्रज ओलांडून आम्ही त्याच बाजूने गेलो. आता तिथे इमारती झाल्यात. पण उतार आला, दगडी बांध दिसला आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मुरूम. डावं, मोठं."

"डांबर," हे म्हणाले.

मी चमकून पाहिलं. यांचे पाय चपलांतून बाहेर आले होते. तळवे गाडीच्या तळाला टेकवून हे ताठ बसले होते.

"बाई, अजून जुनाच कागद वाचताय," हे म्हणाले. मग गाडीच्या पोटाला खालून बारीक काहीतरी तडतडलं, आणि यांचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "खडी. ब्रेक नको. पाय काढ, सरळ धर."

माझे डोळे भरून आले होते. समोरचं मला काही धड दिसत नव्हतं. मी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं.

"ऐकू आलं का?" यांनी विचारलं.

"हं," मी म्हणाले.