ताणावरची बाग

मोर्शी रस्त्यावरच्या संत्र्याच्या बागेत नवऱ्याने आणि मी बंगल्यांची वसाहत उभारली, तेव्हा मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एकच अट होती: निम्मी झाडं तरी जगली पाहिजेत. बाग त्यांनीच लावलेली. म्हणून आमचे रस्ते सरळ नाहीत. झाड आलं की रस्ता वळतो, आणि हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात तिथून चालताना आपण कुठे निघालो होतो तेच विसरायला होतं. मला ते विसरणं फार आवडतं.

सांडपाणी शुद्ध करून आम्ही झाडांना ठिबकने बारमाही पाणी दिलं. झाडं हिरवीगार झाली, पण दोन वर्षं बहार काही फुटला नाही.

"कसा फुटन?" मामाजी म्हणाले. "पोट भरलेल्या झाडाले फूल कायले पायजे? त्याले ताण दे."

ताण द्यायचा म्हणजे थंडीत पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं आणि मग पाणी सोडायचं. वऱ्हाडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण हिरवाई पाहून घर घेतलेल्यांना कोण सांगणार?

मी ठिबक बंद केलं. पानं मलूल झाली, गळू लागली. अकोल्याहून राहायला आलेल्या डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "आमी झाडं पाहून घर घेतलं, अन् तुमी झाडंच मारून राहिले." हात दाखवून अवलक्षण, असं नवरा म्हणाला. मला त्याचा रागच आला, कारण भीती मलाही वाटत होती. मामाजी रोज पानं बोटांनी चाचपायचे आणि "अजून नाही" म्हणायचे.

एका सकाळी ते म्हणाले, "सोड आता."

पाणी सोडल्यावर काही आठवडे गेले. मग एके दिवशी खिडकी उघडली आणि गोड, जड वास घरात शिरला. बाहेर वळणावळणावर लोक हातात चहाचे कप घेऊन उभे होते. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले होते. कोणालाच कामावर जायची घाई दिसत नव्हती.

मामाजी बाकावर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "लय वास सुटला काय?"

"काहून, तुमाले येत नाही?"

"गेल्या सालच्या तापापासून कायचाच वास येत नाही मले."

"मंग एवढा हट्ट कायच्यासाठी केला?"

"बहार झाडाईचा हाय. माहा थोडीच हाय."

मला रडू आलं. मी त्यांच्याशेजारी बसले.

"सांग बरं," ते म्हणाले, "पयल्यासारखाच येऊन राहिला काय?"

पूर्वी बहारात हा वास मोर्शी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही थांबवायचा. आता निम्मीच झाडं उरली होती, आणि तो आमच्या फाटकापर्यंतच पोचत होता. मी हो म्हटलं.