एकाच किडनीवरची शर्यत

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने संडासात खाली पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती.

तसं मांड्यांनी त्याला कालपासूनच जेरीस आणलं होतं. बिचारा दादा जिनाही बसून बसून उतरला होता. मॅरेथॉन पळालं की अंग दुखायचंच, असं सगळे सांगत होते, पण हे असलं काही कोणी बोललं नव्हतं. आणि दादाला किडनी एकच. दुसरी त्याने मागेच धाकट्या बहिणीला दिली होती.

तेव्हापासून त्या बाईने नुसता जीव खाल्ला होता. दादा शिंकला तरी ती रडवेली. सलूनमध्ये हातात वस्तरा असताना हिचा फोन : "दादा, दमलास ना? चेहरा उतरलाय तुझा." फोनवरून चेहरा कसा दिसतो, ते तिलाच ठाऊक! शेवटी दादाने ठरवलं, मॅरेथॉनच पळून दाखवतो, म्हणजे हिची खात्री पटेल आणि ती सुखाने झोपेल.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण बजावून : पाणी भरपूर प्यायचं आणि दुखण्याच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. सरावात दादाने हे इमानेइतबारे पाळलं. पहाटे पळायचा, मग दुकान उघडायचा. पण ऐन शर्यतीत गुडघा ठणकला आणि दादाने घात केला. त्याचं काय असतं, सलूनवाल्यांची एक खोड असते. गर्दीच्या दिवशी पाणी प्यायचं नाही, कारण दुकानात संडास नसतो आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक टाकून जाणार कुठे? कंबर बोलायला लागली की गोळी गिळायची आणि उभं राहायचं. दादा अगदी तसाच पळाला. पाण्याची टेबलं मागे टाकत गेला, वर गोळ्याही घेतल्या. खिशात घालून नेल्या होत्या शहाण्याने!

"अहो, किती वेळ?" बायकोने दार वाजवलं.

दादाने घाईघाईने बादली ओतली. "काही नाही, आलोच."

दुपारपर्यंत लघवी जवळजवळ बंद झाली आणि पाय सुजले. मग मात्र त्याचा धीर सुटला. त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "तिला कळवू नकोस हं. शपथ आहे."

"शपथ गेली खड्ड्यात. आधी चपला घाला," बायको म्हणाली आणि तिने दवाखान्यात पोचायच्या आधीच नणंदेला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं. स्नायूंची पार मोडतोड झालीये, म्हणाल्या, आणि तो सगळा कचरा किडनीत जाऊन अडकलाय.

"किडनी बंद पडली तर?" दादाने विचारलं.

"आत्ता तो विचार नको," त्या म्हणाल्या. मरणाची भीती त्याला वाटत होती, कोणाला नाही वाटणार? पण त्याहून मोठी भीती बहिणीची होती. आपलं काही बरंवाईट झालं तर ती पोरगी जन्मभर स्वतःला कोसत बसेल, हे त्याला पक्कं माहीत होतं.

दारात तिची चाहूल लागली तसे दादाने डोळे मिटून घेतले. आता ही आकांडतांडव करणार, म्हणून तो जीव मुठीत धरून पडून राहिला. पण ती ओरडली नाही. पायाशी बसली आणि त्याच्या सुजलेल्या पावलावर नुसता हात ठेवला.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "एक विचारू? हसू नका. दादाची माझ्याकडे आहे ना, ती काढून परत त्याला बसवता येते का हो?"

डॉक्टरीणबाईंनी पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी उचलून दाखवली. "हे बघा, रंग निवळतोय. तशी वेळ येणार नाही."

"नाही येणार, पण बसवता येते का, ते सांगा."

"ती तुझी आहे गं, वेडे," दादा डोळे उघडून कसाबसा म्हणाला. तिने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.