नॉट आला की उभं राहायचं

तुम्हाला कुणी "जेवलात का?" असं विचारलं, तर उत्तर द्यायला किती वेळ लागतो? प्रश्न संपायच्या आत तुम्ही "हो हो" म्हणून मोकळे होता ना? आमचे रुजवातअण्णा तसे नव्हते. रस्त्यात कुणी त्यांना जेवणाचं विचारलं की ते थांबत, छत्री काखेत मारत आणि विचारत, "आजचं ना? दुपारचं ना? मग हो." तोवर विचारणारा पाखाडीच्या दहा पायऱ्या उतरून गेलेला असे. अण्णा त्याच्या पाठीला पूर्ण उत्तर देत आणि मगच पुढे चालू लागत.

अण्णांनी सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात काढली होती. मूळ कागद आणि त्याची नक्कल शब्दाला शब्द ताडून पाहायची, याला तिथे रुजवात म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामही उच्चारायचे, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. हे तीस वर्षं केलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरीही तसाच वाचत असे. लग्नपत्रिका आली की काकूंना समोर बसवून, "आमचे येथे, श्रीकृपेकरून, स्वल्पविराम..." काकू भाजी चिरता चिरता म्हणत, "आमच्या लग्नात भटजी 'सावधान' म्हणाले, तर हे अंतरपाटाआडून विचारतात, 'कशाबद्दल?' भटजी गडबडले, मुहूर्त पुढे गेला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

माझी आणि अण्णांची गाठ एका पत्रकामुळे पडली. आमचं घर पत्रकांवर चालायचं. बाबा शाळेत शिकवत, पण त्यांचा जीव पत्रकांत. मला बाराखडीच्या आधी 'निषेध' हा शब्द वाचता येत होता. आमच्या बाजूची एक जुनी पाखाडी, सगळ्यांची पायऱ्यांची वाट, एका बिल्डरने कुंपण घालून गिळली, तेव्हा बाबांनी दणदणीत पत्रक काढलं आणि मी ते कोर्टाच्या फाटकाशी वाटत उभी राहिले. लोक घेत, घडी घालत, खिशात टाकत. एक उंच म्हातारे गृहस्थ मात्र तिथेच उन्हात उभे राहून वाचत राहिले. वीस मिनिटांनी ते माझ्याकडे आले.

"मजकूर जळजळीत आहे गो. पण गटनंबर चुकलाय."

"एका आकड्याने काय होतंय?" मी म्हटलं. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला वाटायचं, राग खरा असला की पुरे.

"ह्या नंबरची जमीन माझ्या मावसभावाची. त्याच्या दारात सकाळपासून बारा माणसं मुर्दाबाद करतायत. तो भोळा त्यांना कोकम सरबत देतोय."

मी धावत गेले. माणसं सरबत पिऊन ताजीतवानी होऊन पुन्हा घोषणा देत होती. बिल्डरने मात्र तेच पत्रक मामलेदारांना दाखवलं. "ह्यांना जमीन कुठली तेही ठाऊक नाही," म्हणाला. मामलेदार हसले. पाखाडी गेली ती गेलीच. त्या दिवशी मी ठरवलं की वकील व्हायचं, आणि साध्यासुध्या कॉलेजात नाही, तर प्रवेशपरीक्षा देऊन जिथे देशभरातली मुलं जातात तिथे.

पहिल्या वर्षी मी मुंबईच्या एका क्लासची पोस्टाने येणारी पुस्तकं वाचली. त्यांच्या प्रत्येक पानावर पळणारा घोडा छापलेला असे. मीही घोड्यासारखी पळाले. दोनशे प्रश्न, दोन तास, मी सगळे दोनशे सोडवले आणि दहा मिनिटं उरवली. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत. यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव कुठेच नव्हतं. आत्याने डी.एड.चा फॉर्म आणला, माझा फोटोही चिकटवून टाकला आणि फळीवर ठेवला. बाबा म्हणाले, "अजून एक वर्ष. मग मात्र तो फॉर्म." डी.एड. वाईट असं मी म्हणत नाही. पण माझा फोटो माझ्या परवानगीशिवाय त्यावर बसला होता.

ज्यांनी गटनंबराची चूक पकडली, त्या अण्णांकडे बाबांनीच मला वाचायला शिकायला धाडलं. तिथे आधीच एक विद्यार्थी होता, अलोऱ्याच्या कॉलनीतला मंदार. तो रत्नागिरीत मामाकडे राहून हीच परीक्षा देणार होता. मंदार इतका वेगवान की अण्णांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली की तो ओरडे, "ब!"

"मेल्या, मी अजून चष्मा शोधतोय."

पहिल्या दिवशी अण्णांनी घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आम्हाला तासाभरासाठी एक प्रश्न दिला. एकच. मंदारने चौथ्या सेकंदाला उत्तर दिलं आणि उरलेला तास आढ्याकडे बघत काढला. उत्तर चुकीचं होतं. माझंही चुकीचं होतं. प्रश्नात 'नॉट' होता. चौघांपैकी कोण दोषी नाही, असं विचारलं होतं, आणि आम्ही दोघांनी मोठ्या आत्मविश्वासाने दोषी माणूस पकडून दिला होता.

"तुम्ही दोघं न्यायाधीश झालात तर तुरुंग भरेल," अण्णा म्हणाले, "पण भलत्याच माणसांनी."

मग त्यांनी नियम केला. प्रश्नात नॉट किंवा एक्सेप्ट, म्हणजे 'वगळून', आला की उभं राहायचं. उत्तर सुचलं तरी आधी उभं राहायचं, मग बसायचं, मग लिहायचं. अंग उठलं की डोकं उठतं, असं त्यांचं म्हणणं. आम्ही महिनोन् महिने त्यांच्या ओटीवर उठबशा काढत होतो. शेजाऱ्यांना वाटे, अण्णा आम्हाला शिक्षा करतायत.

दुसरा नियम याहून कठीण होता. रोज सकाळी दहा वेळा, मोठ्याने, न लाजता म्हणायचं, "माहीत नाही." अण्णांच्या मते हुशार मुलांच्या तोंडून हे दोन शब्द निघता निघत नाहीत, म्हणून ती अंदाजाने गोल काळे करतात. "अंदाज म्हणजे खोटी साक्ष," ते म्हणत. "माहीत नाही म्हणणाऱ्याचा कुठलंही कोर्ट गुण कापत नाही." एकदा गुहागरहून आलेला एक पाहुणा फाटकाशी उभा राहून विचारू लागला, "अहो, इथे सावंत कुठे राहतात?" नेमकं आमचं चाललेलं. आम्ही एका सुरात दहा वेळा सांगितलं, माहीत नाही. पाचव्या वेळेला तो हात जोडून निघून गेला. सावंत शेजारीच राहत होते.

हसू येतं, पण माझे सराव परीक्षेतले गुण चढत होते. मी दीडशेच प्रश्न सोडवायचे आणि दोनशे सोडवणाऱ्या मागच्या वर्षीच्या माझ्यापेक्षा बरेच अधिक मिळवायचे. हे गणित मी बाबांना समजावलं. बाबांना ते पटलं. आत्याला पटलं नाही.

परीक्षेचं केंद्र पुण्यात होतं. माझा आणि मंदारचा एकाच हॉलमध्ये नंबर आला, तो पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. पेपर सुरू झाला. सातव्या प्रश्नात नॉट आला आणि मी उभी राहिले.

शप्पथ सांगते, मी ठरवून उठले नाही. पाय आपले आपण उठले. समोर बघते तर पहिल्या रांगेत मंदारही उभा. आम्ही दोघं एकदम बसलो. पर्यवेक्षक बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. एकोणिसाव्या प्रश्नाला पुन्हा तेच. चोविसाव्याला तर आम्ही कवायतीतल्यासारखे एका क्षणी उठलो, आणि बाई धावत आल्या.

"काय खुणा चालल्यात तुमच्या?"

"खुणा नाहीत, मॅडम. नॉट आहे."

"काय आहे?"

"प्रश्नात नॉट आहे. अण्णांनी सांगितलंय."

"कोण अण्णा? कुठे बसलाय तो?" त्यांनी सगळ्या हॉलकडे नजर टाकली.

माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने तेवढ्यात दचकून आपला चोविसावा प्रश्न पुन्हा वाचला आणि घाईघाईने खोडरबर उचललं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांची खात्रीच पटली. आमच्या दोघांचे पेपर काढून घेतले गेले. केंद्रप्रमुख आले. आम्हाला बाहेर व्हरांड्यात उभं करून वेगवेगळं विचारलं. मी म्हटलं, अण्णा, नक्कल विभाग, निवृत्त. पलीकडे मंदारही तेच सांगत होता. माझ्या डोळ्यांसमोर तो चिकटवलेला फोटो नाचत होता. शेवटी केंद्रप्रमुखांनी स्वतः चोविसावा प्रश्न वाचला, एकदा, मग बोट ठेवून दुसऱ्यांदा. "अरेच्चा," ते म्हणाले. पेपर परत मिळाले. अट एकच, काय वाटेल ते झालं तरी बसून लिहायचं. मी पायांची अढी बाकाच्या दांड्याला घालून उरलेला पेपर लिहिला. पाव तास गेला तो गेलाच. त्याची भरपाई कुणी देत नाही.

रत्नागिरीच्या स्टँडवर बाबा, आत्या आणि अण्णा आले होते. एस.टी.तून खाली पाय ठेवायच्या आत बाबांनी विचारलं, "किती सोडवलेस?"

"एकशे एकतीस."

बाबांचं तोंड पडलं. मागच्या वर्षी मी दोनशे म्हटलं होतं तेव्हा त्यांनी स्टँडवरच भजी खिलवली होती. आत्या हळूच म्हणाली, "फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे हो."

अण्णांनी छत्री काखेत मारली. "सोडलेस किती?"

"एकोणसत्तर."

"वाचून सोडलेस?"

"सत्तावन्न वाचून. शेवटचे बारा वाचताच आले नाहीत." मग मी त्यांना उभं राहण्याची सगळी हकिगत सांगितली. सांगताना मला रडू फुटलं.

अण्णांनी दोन्ही आकडे स्वतःशी पुटपुटून ताडून पाहिले. मग म्हणाले, "ते सत्तावन्न तुझे. ते बारा माझी चूक." तीस वर्षांत ज्याच्या एकाही नकलेत चूक निघाली नव्हती, तो माणूस भर स्टँडवर, फलाटाच्या घोषणेत, एका अठरा वर्षांच्या मुलीसमोर चूक कबूल करत होता. मला आजवर भेटलेल्या किती पुढाऱ्यांना हे जमलंय, ते मी सांगू लागले तर कागद कोरा राहील.

सोमवारी मी तो फॉर्म भरला. सही केली. यादी त्यानंतर तीन आठवड्यांनी आली आणि तिच्यात माझं नाव होतं. मंदारचंही होतं, अगदी तळाला, पण होतं. अण्णांनी मात्र पेढा तोंडात घातला नाही. तो हातात तसाच धरून ते मला एस.टी.डी. बूथवर घेऊन गेले, थेट विद्यापीठाला फोन लावायला लावला आणि माझा परीक्षेचा नंबर एकेक आकडा करून दोनदा वाचून घेतला. रुजवात झाली. मगच पेढा खाल्ला, आणि बूथवाल्यालाही दिला.

पुढच्या मुलांसाठी त्यांनी नियम बदलला. नॉट आला की उभं राहायचं नाही, पायाचा अंगठा चपलेत दाबायचा. मी तिसऱ्या वर्षाला असताना ते गेले. काकूंचं पत्र आलं, चार ओळींचं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

आता आमच्या गावात क्लासच क्लास झाले आहेत. पाट्यांवर मिनिटाला किती प्रश्न ते लिहिलेलं असतं. मुलांना भरधाव सोडून त्यांच्या अंदाजांवर आपण टाळ्या वाजवतो, आणि मग हीच मुलं मोठी होऊन भलत्याच माणसाला दोषी ठरवतात. मी याविरुद्ध पत्रक काढू शकते, काढीनही. पण आधी तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या उन्हाळ्यात तुमच्या घरातली, नाहीतर शेजारची एखादी मुलगी ही परीक्षा देऊन एस.टी.तून उतरेल. तिला किती सोडवलेस असं विचारू नका. तिने किती सोडले ते विचारा. आकडा मोठा निघाला तर तोंड पाडू नका. तिच्या हातातली पिशवी घ्या आणि तिला आधी भजी खायला न्या.