झोपवून काढलेला फोटो

खुब्याचा सांधा बदलूनही आईची ठणक थांबली नव्हती, म्हणून मी तिला कुरखेड्याहून चंद्रपूरला नेलं. एक्स-रे काढणाऱ्यानं तिला टेबलावर झोपवलं. ती म्हणाली, "भाऊ, झोपल्यावर मले दुखतच नाई. मोहफुलं वेचाले उकिडवी बसली का दुखते. तसाच काढ ना फोटू."

"तसा निघत नाही, बाई."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. सांधा जागेवर आहे, म्हणाले, फक्त उकिडवं बसू नका. मी चिडून विचारलं, मोहफुलं काय उभ्यानं वेचायची? ते पुढच्या पेशंटची फिल्म बघू लागले होते.

यंदाही आई पहाटे मोहाखाली गेली. बसली नाही. झोपल्यावर दुखत नाही, म्हणून जमिनीवर कुशीवर आडवी झाली. हात पुरेल तेवढी फुलं वेचली, मग टोपली ढकलत सरपटत पुढं गेली.