तिचा सोमवार माझ्याकडे

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "पेप्टिक अल्सर." म्हणजे जठराच्या आतल्या अंगाला पडलेली जखम. माझ्या बायकोला, सुमनला, खडूच्या पाण्यासारखं बेरियम पाजून नगरच्या दवाखान्यात हा फोटो काढला होता. "दर दोन तासांनी थोडं खायचं. दूध, मऊ भात. तिखट आणि चहा बंद. उपास तर पूर्ण बंद."

माझा विश्वास बसला नाही. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. उसावर पाणी मारून आणलंय का, काट्यावर कुणी पाय ठेवलाय का, हेच बघण्यात माझा जन्म गेला. डॉक्टर ऑपरेशनला गिऱ्हाईक शोधताहेत, असंच मला आधी वाटलं.

देवळाली प्रवराला परतताना सुमन एसटीत म्हणाली, "बाकी समदं ऐकते. सोमवार न्हाई मोडायची." तिचा सोमवार म्हणजे दिवसभर अन्नाचा कण नाही, नुसता चहा. उपासाला चहा चालतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पोटाला इसावा मिळतो, असं ती म्हणायची. वर म्हणायची, "त्या दिशी देव जवळ आल्यागत वाटतं. तेवढंच माझं हाय." तिसगावच्या माहेरहून आणलेलं हे खूळ मला कधीच पटलं नव्हतं. मी तिला मुलांची शपथ घातली. ती लगेच कबूल झाली, आणि तिथेच मला शंका आली.

गोळ्या चालू होत्या, तरी कळा थांबेनात. मी औषधवाल्यावर संशय घेतला, मग गवळ्यावर. एका सोमवारी पाळी बदलली म्हणून दुपारीच घरी आलो. मागच्या दारात शेजारची शेळी सुमनचा दूधभात खात होती आणि सुमन कपभर चहा घेऊन शांत बसली होती. शेळी कान हलवत इतकी निवांत उभी होती की, हे दर सोमवारचंच असणार.

मी भयंकर चिडलो. ती एवढंच म्हणाली, "तुमाला खोटं बोलले. देवाला न्हाई बोलले."

त्याच आठवड्यात तिला शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. याला मेलिना म्हणतात. आत रक्त वाहत असल्याची ती खूण आहे. घरगुती उपाय करत बसू नये.

नगरला तिला रक्ताची बाटली लावली. "पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या बाकावर मी बसून राहिलो. ही घरी येणार, परत उपाशी राहणार आणि मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला सुमन हवी होती. देवासकट मिळाली तरी चालली असती.

ती ज्यांना मानायची ते एक म्हातारे बैरागी प्रवरेच्या काठी मठात राहायचे. मी त्यांच्याशी भांडायलाच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धरलेलं व्रत टाकता येत न्हाई. पर घरधन्याच्या अंगावर देता येतं. तिला खाऊ द्या, तुमी ऱ्हावा उपाशी." त्यांनी साधा नारळही घेतला नाही. त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला.

तरी दुसरा मार्ग दिसेना. दवाखान्यातल्या खाटेवरच सुमननं माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि सोमवार माझा झाला.

मग संशय घ्यायची पाळी तिची. मी कारखान्यातून आलो की ती विचारायची, "कँटीनात भजी खाल्ली न्हाई ना?" माझ्या सोबत्यालाही विचारून घ्यायची. मी समोर बसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही, पण उतरायचा. चहा आम्ही दोघांनीही सोडला.

सुरुवातीचे सोमवार डोकं ठणकायचं आणि मी गाडीवानांवर खेकसायचो. पुढे पुढे दुपारनंतर आत काहीतरी निवायला लागलं. गाडी काट्यावर चढायची आणि तिच्यात चोरी शोधावीशी वाटायची नाही. हा अशक्तपणा असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या एक्स-रेत जखम भरलेली दिसली. डॉक्टरांचे, रक्त देणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे आणि त्या बैराग्याचेही माझ्यावर उपकार आहेत. हे लिहिताना मला जड जात नाही, याचं माझं मलाच नवल वाटतं.

आता दूध-फळं घेऊन उपास केला तर हरकत नाही, असं डॉक्टर तो एक्स-रे बघून म्हणाले होते. पुढच्याच सोमवारी सकाळी सुमन म्हणाली, "माझा सोमवार द्या आता माघारी."

"नको. अजून राहू दे माझ्याकडे," मी म्हणालो.

मी उसाच्या गाडीकडे बघायचो तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या जिवाच्या भ्यानं ठेवताय, का तुमालाच गोडी लागली?"

"तुझ्या जिवासाठी."

तिचा विश्वास बसला नाही. माझाही पुरता बसला नाही. तिनं दूधभाताचं ताट पुढे ओढलं आणि माझ्यावरची नजर न काढता ती सगळं जेवली.