पाहिजेमावशी

आमच्या मावशीने कधी कुणाला हुकूम सोडला नाही. "घर आवरलेलं पाहिजे," एवढंच म्हणायची आणि चष्मा पुसत बसायची. आम्ही तिचं नावच पाहिजेमावशी ठेवलं होतं. काका कुरकुरायचे, "हा हुकूमच आहे. नुसती इस्त्री केलीय."

नोकरीही तिला शोभेलशीच होती. एका मोठ्या ग्रंथालयाच्या संगणक विभागात ती प्रोग्रॅम लिहायची. तिच्या प्रोग्रॅमच्या भाषेत काय हवं तेवढं सांगायचं, कसं शोधायचं ते यंत्र ठरवणार. पायरी पायरीने हुकूम देणाऱ्या भाषांना ती नाक मुरडायची. "यंत्राला बोट धरून कशाला चालवायचं?" असं शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरला ऐकवायची, कारण तो त्याच भाषांतला.

एकदा काही वाचकांकडे कोणती पुस्तकं थकलीत ते शोधणारा तिचा प्रोग्रॅम सकाळभर रखडला. यंत्र आधी लाखो पुस्तकं उपसत होतं आणि मग मूठभर वाचक शोधत होतं. शेवटी तिला लिहावंच लागलं, आधी वाचक घे, मग पुस्तकं. चुटकीसरशी उत्तर आलं.

"धरलंत ना बोट?" प्रोग्रॅमर म्हणाला.

"एकदाच," मावशी फणकारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. आत्ताच चालले नाहीत तर कायमचं अंथरूण धरतील, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले.

"दारापर्यंत आलेलं पाहिजे," मावशी म्हणाली. काका बिचारे परक्याच्या पायाकडे बघावं तसे स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. इच्छा होती, पण कसं चालायचं तेच पाय विसरला होता. मावशीचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून समोर उभी राहिली. "काठी पुढे टेकवा. उजवा पाय उचला. टेकवा. आता डावा."

जन्मभर तुंबलेले सगळे हुकूम तिने त्या महिन्यात सोडले. हळूहळू ते कमी होत गेले. आधी नुसतं "उजवा" पुरायला लागलं, मग "चला." 'कसं' कुठे संपलं आणि 'काय' कुठे सुरू झालं, ते रोज समोर बसूनही मला सांगता येणार नाही.

एका सकाळी तिने "काठी" म्हणायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. "अगं, कुठे पोचायचं तेवढं सांग. कसं ते माझं मी बघतो."

"मला तुम्ही दाराशी पाहिजेत," मावशी म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. या वेळी तो खरंच ओला होता.