गाळातून बाहेर पडायचे कपडे

धाकट्या जावेला पाण्यात मागे टाकायचं, एवढ्यासाठीच मी ट्रायथलॉनमध्ये उतरले. वजन, गुडघे, पन्नाशी ही लोकांना सांगायची कारणं होती.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि शहरातले पोहण्याचे तलाव कोरडे पडले होते. बायपासच्या पलीकडे मात्र इमारती वाढत होत्या. त्यातल्याच एकीत जाऊ राहायला गेली. तिच्या सोसायटीचा स्विमिंग पूल टँकरने भरायचे. एका रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमलो होतो. मी तिला सरळ विचारलं, सकाळी तासभर तुमच्या पुलावर येऊ का?

"पूल रहिवाशांपुरताच आहे, ताई," ती वरण वाढता वाढता म्हणाली. "आणि तुम्ही घालणार काय? पंजाबी ड्रेस? मेंढ्या धुवायला उतरल्यासारखं दिसेल."

पंगत हसली. माझा नवराही हसला.

माझं माहेर अजिंठ्याकडचं. वडिलांची मेंढरं होती. कातरणीच्या आधी कळप डोहात घालून धुवायचा आणि आम्ही पोरांनी पाण्यात राहून एकेक मेंढी पलीकडे ढकलायची, अशी रीत. मी पोहायला तिथे शिकले. ती म्हणाली ते खरंच होतं. म्हणूनच मी विसरले नाही. त्याच आठवड्यात तिने धरणावरच्या ट्रायथलॉनला नाव दिल्याचं कळलं. मीही दिलं.

चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तिथल्या एका सहकाऱ्याच्या शेतात शेततळं होतं. त्याच्या वडिलांनी परवानगी दिली, पण काठावर येऊन बसले.

"म्याडम, लई पाणी हलवू नका. आधीच उन्हानं उडून चाललंय."

"हलवल्यानं उडतं व्हय, बाबा?"

"उडत नसंल. पर बघवत नाय."

तळ्याला प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. बाहेर यायचं तर बांधलेला दोर धरूनच. म्हातारा बघत असताना, दोराला लोंबकळत, मी कपड्यांची परीक्षा घेतली. ट्रायथलॉनमध्ये पोहून झालं की तसंच ओल्या अंगाने सायकलवर बसायचं आणि शेवटी धावायचं. कपडे बदलायला वेळ नसतो. म्हणजे जे घालायचं ते पाण्यात जड होता कामा नये आणि सायकलच्या सीटवर टोचताही कामा नये.

पहिल्या दिवशी सुती टी-शर्ट आणि लेगिंग. टी-शर्टने पोटाशी पाणी साठवलं आणि मी भिजलेल्या मेंढीसारखी खाली ओढली गेले. मग औरंगपुऱ्यातून झालरीचा पोहण्याचा ड्रेस आणला. "फॅमिली कॉस्च्यूम है आपा, पूरा ढकता," दुकानदार म्हणाला होता. पाण्यात झालर उलटून छातीपर्यंत आली. झाकायचं होतं ते सोडून बाकी सगळं झाकलं गेलं. मुलाची सायकलची चड्डी घातली तर तिच्या आतली गादी तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखी पाणी पीत बसली.

शेवटी मुलाकडून ट्रायसूट मागवून घेतला. बिनबाह्यांचा, मांडीपर्यंतचा, पुढून चेन, आतली गादी पातळ. आरशात पोट दिसत होतं, दंड लोंबत होते. दिसू देत. मानेला आणि बगलेत काचत होता. खोबरेल लावून पाहिलं, ते पाण्यात टिकलं नाही. व्हॅसलिन टिकलं.

या सगळ्या काळात जाऊ निश्चिंत होती, कारण तिच्याकडे वेटसूट होता. रबरासारखा जाड, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा. थंड पाण्यात तो ऊब देतो आणि अंगाला तरंगतही ठेवतो. सासूबाईंच्या हॉलमध्ये तिने तो सगळ्यांना घालून दाखवला. पाणी कोमट असलं तर वेटसूट चालत नाही, हे मी आयोजकांना फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. आमच्याकडचं पाणी आणि थंड? मी म्हटलं, "छान बसलाय."

शर्यतीच्या आधीच्या रविवारी मी धरण बघून आले. पाणी खूप मागे हटलं होतं आणि काठावर काळा गाळ उघडा पडला होता. पाय घातला तो पोटरीपर्यंत रुतला. पोहून आल्यावर सगळ्यांना त्यातूनच वर यायचं होतं. गुडघ्याखाली कापड नको, हे तिथेच पक्कं झालं.

आदल्या संध्याकाळी जावेचा फोन आला.

"ताई, ऐकलंत का? वेटसूट चालणार नाही म्हणतायत! पाणी गरम आहे म्हणे. आता मी काय घालू?"

"तो केरळला नेलेला पोहण्याचा ड्रेस आहे ना तुझा? पायजम्याचा, घोट्यापर्यंतचा, सैलसर?"

"तो? सायकलवर चालेल?"

"न चालायला काय झालं? ऊनही लागत नाही."

फोन ठेवून मी पोटभर जेवले.

सकाळी पाणी चहाच्या रंगाचं होतं. पहिल्या वळणापर्यंत लोकांच्या लाथा खाल्ल्या, नंतर लय सापडली. गाळ आला तसे गुडघे उचलत, बदकासारखी फताफता बाहेर पडले. सायकलपाशी बूट घालताना मागे वळून पाहिलं. ती आली होती. पायजम्यात गाळ भरून दोन्ही पायांची पोती झाली होती आणि दोन स्वयंसेवक तिला बगलेत धरून ओढत होते. जिथे गाळ घोट्याच्या वर नव्हता तिथेही तिला चालता येईना.

"ताई! ताई, हात द्या ना!"

"मी निघाले," म्हटलं आणि सायकलवर बसले. समोरून वारा होता म्हणे. मला लागला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा सासूबाईंकडे जेवण. जाऊ बोलायची वाटच बघत होती.

"आई, ताईंनी सांगितलं तेच घातलं मी. नाहीतर बरोबरीनेच बाहेर आले असते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगितलं व्हय गं? जाणून?"

"व्हय."

"म्हंजी वहिनीनं पोहून नाय हरवलं," नणंद म्हणाली, "पायजम्यानं हरवलं!"

पंगत हसली, तशीच. मी घास गिळला आणि कळलं की माझी जिंकलेली शर्यत मीच जावेच्या हातात दिली आहे. गाळापर्यंत मी तिच्या बरीच पुढे होते, पण ते आता कुणी ऐकून घेणार नव्हतं. तिच्याकडे कारण होतं, आणि ते मी दिलेलं.

म्हणून पुढच्या वर्षी मीच तिला स्कूटरवर बसवून औरंगपुऱ्यात नेलं. तोवर तिथे एक खेळाच्या कपड्यांचं बरं दुकान झालं होतं. वाटेत तिला सगळं सांगितलं. गाळ, गादी, व्हॅसलिन. काठ आधी बघून ये म्हटलं. ती विरघळली. आमच्या पुलावर या ना ताई, म्हणाली. मी म्हटलं, नको, मला शेततळं बरं आहे.

दुकानात तिला एकामागून एक ट्रायसूट घालायला लावले. "खाली वाक. हात वर कर. मान फिरव. आता उकिडवी बस."

"ताई, तुम्ही माझ्यासाठी किती करता," तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बगलेत काचतोय का, ते सांग."

"अगदी थोडासा."

"मग हा नको."

दुकानदार वैतागला होता, पण मी त्याला वरच्या फळीवरचा पुढचा नंबर काढायला लावला. तिला बोट दाखवता येईल अशी एकही शिवण मला त्या कपड्यात नको होती.